पाचव्या पोत्याचा तांब्या

माठाभोवतीचे ओले गोणपाट आवळता आवळता रुख्माबाईंनी ट्रकला लावलेल्या फळीवरून उतरणाऱ्या मार्तंडाला हात केला.

“आपल्या जवायाचे गुण पाह्यले का?”

“आता काय केलं त्यानं?”

“पाणी सांडते. तांब्या तोंडाले लावते, गळा हलवते, अन् कोणी पाहत नाही असं वाटलं का भिंतीच्या बुडाशी ओतून देते. तिथं पाह्य, कसा चिखल झाला. मी काय आंधळी आहो?”

मार्तंडाने चिखल पाहिला. मग गोदामाच्या काळोख्या दारातून रिकाम्या खांद्याने पळत बाहेर येणाऱ्या देवाजीकडे पाहिले. त्याने कमरेचा दोर सोडला आणि तो दुहेरी करून हातात धरला.

अकरा वाजायचे होते, पण वाडीतल्या त्या गोदामाचा पत्रा आताच कडकड वाजू लागला होता. सकाळपासूनचा हा दुसरा ट्रक. एका ट्रकात सिमेंटची दोनशे पोती, सहा हमाल, आणि सव्वा तास. अमरावती रोडवर मार्तंडाच्या टोळीचे नाव होते ते या सव्वा तासासाठी. दुसऱ्या टोळ्या दोन तास घेत, मध्ये बिड्या ओढत. मार्तंडाची टोळी पोते खांद्यावर घेऊन पळत आत जाई आणि पळतच बाहेर येई. रुख्माबाईंना त्याचा अभिमान होता. तांडापेठेत स्वतःचे चार हातमाग बंद पडले, घर मोडले, तरी आपला मोठा पोरगा वाडीत येऊन मुकादम झाला, हे त्या शेजारणींना न विचारता सांगत.

माठ मात्र त्यांचे स्वतःचे होते. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांचा धाकटा बाबन याच गोदामाच्या दारात पडला आणि उठला नाही. ऊन लागले, सकाळपासून पाण्याला शिवला नव्हता, असे मार्तंडाने घरी येऊन सांगितले. तेरावा उरकला आणि चौदाव्या दिवशी रुख्माबाई दोन माठ आणि पितळी तांब्या घेऊन इथे येऊन बसल्या. दर पाच पोत्यांमागे प्रत्येकाने त्यांच्या डोळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायचे. नाही म्हणणाऱ्याला त्या त्याच्या आजोळापासून शिव्या घालत. पंचवीस वर्षांचे दांडगे गडी त्यांच्यासमोर मुकाट्याने तांब्या तोंडाला लावत आणि पुन्हा पळत. कुणी भिंतीआड जाऊन ओकत असे. ते रुख्माबाईंच्या कानावर येई. पोटात मुरडा आहे, रात्रीचे शिळे खाल्ले असेल, असे म्हणून त्या पुढचा तांब्या भरत.

देवाजी त्यांच्या लेकीचा, अंजनाचा नवरा. त्याचाही माग बंद पडला, म्हणून दिवाळीपासून तो या टोळीत आला होता. सुताची गाठ डोळे मिटून मारणारा माणूस, पोत्याखाली त्याचे पाय कापत. त्याच्याशी रुख्माबाई बोलत नसत. सासूने जावयाशी तोंड उघडून बोलायचे नाही, समोर आला की पदर ओढून पाठ करायची, हे त्यांच्या घरात त्यांच्या आजीपासून चालत आले होते, आणि गोदाम झाले म्हणून रीत सुटत नव्हती. इतरांच्या हातात तांब्या देत, देवाजीचा मात्र भरून दगडावर ठेवत आणि तोंड फिरवत. काही सांगायचेच झाले तर जवळ असेल त्याला म्हणत, “सांगा त्याइले.”

पहिला ट्रक संपल्यावर देवाजी त्या दगडापाशी आला होता. पोटावर हात ठेवून उभा राहिला होता, काहीतरी बोलायचे असल्यासारखा. रुख्माबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. थोड्या वेळाने तो निघून गेला. आळशाची कारणे, असे त्यांनी मनाशी म्हटले होते आणि तेव्हापासून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्यावर लक्ष ठेवले होते.

मार्तंडाने देवाजीला मानेवरच्या दुपट्ट्याला धरून ओढले आणि ट्रकच्या चाकावर आपटले.

“पाणी सांडतं बे? माह्या मायनं भरलेलं पाणी?”

“पोटात जागा नाही, भाऊ.” देवाजीला धाप लागली होती. “सकायपासून जे पेलो ते तसंच आहे. खाली उतरतच नाही.”

“सारे पिऊन राहिले, त्याइच्या पोटात जागा आहे. तुह्याच पोटात कोण राहाले आलं?”

दोघेचौघे हसले. मार्तंडाने पहिला दोर मांडीवर मारला, दुसरा पाठीवर. घामाने भिजलेल्या बंडीवर दोराचा आवाज ओला कपडा दगडावर आपटावा तसा आला. देवाजीने हात वर केले तेव्हा तिसरा मनगटावर बसला आणि त्याच्या हातातला लोखंडी आकडा खाली पडला.

“मारू नको त्याइले,” रुख्माबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. मार्तंड थांबला. “पाज. माह्यासमोर पाज. दोन तांबे राहिले त्याइचे.”

दोघांनी देवाजीचे दंड धरले. मार्तंडाने डाव्या हाताने त्याचे नाक दाबले आणि तोंड उघडताच तांब्या आत खुपसला. पितळेची कड दातांवर वाजली. देवाजीने मान झटकली, कड पुन्हा वाजली आणि ओठ फाटला. पाणी लाल होऊन हनुवटीवरून गळ्यात उतरले. त्याचा कंठ वरखाली होत होता, डोळ्यांच्या शिरा तांबारल्या होत्या. पहिला तांब्या संपला तेव्हा मार्तंडाने रिकामा तांब्या आईकडे फिरवला. रुख्माबाईंनी तो भरला. दुसऱ्या तांब्याच्या अर्ध्यात देवाजीच्या नाकातून पाणी आले, तरी मार्तंडाने तळ पालथा होईपर्यंत हात काढला नाही.

“आता पोती. अन् चालत नाही, पळत.”

देवाजी पळाला. मार्तंड त्याच्यामागे दोर घेऊन पळाला. पाय जरा मंदावले की पोटरीवर दोर बसे. एक पोते आत गेले. दुसरे गेले. प्रत्येक पावलाला देवाजीच्या पोटातून अर्ध्या भरलेल्या घागरीसारखा आवाज येत होता आणि तो ट्रकवर उभ्या असलेल्या नत्थूजीलाही ऐकू जात होता. नत्थूजी टोळीतला सगळ्यांत जुना माणूस. ट्रकवरून पोती खांद्यावर चढवून द्यायचे काम त्याचे. तिसरे पोते देताना त्याने हात आखडला.

“मार्तंड, बसू दे त्याले जरा.”

“तू पोतं दे.”

चौथे पोते घेऊन देवाजी फळीच्या मध्यावर आला आणि गुडघ्यात मोडला. पोते त्याच्या आधी खाली गेले आणि फुटले. तो त्याच्यावर पडला. करड्या धुळीच्या ढगातून आधी नुसता ओकण्याचा आवाज आला. मग दिसले. तोंडातून पाणी येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते. त्यात भाकरीचा कण नव्हता की पित्त नव्हते. ओठाच्या रक्ताचा एक धागा सोडला तर माठातून काढावे तसे स्वच्छ पाणी. ते सांडलेल्या सिमेंटवर पसरले आणि सिमेंटचा लगदा त्याच्या गालाला चिकटला.

मार्तंडाने त्याच्या बरगडीत लाथ घातली.

“ढोंग करून राहिला साला. ऊठ.”

दुसरी लाथ कमरेच्या वर बसली. देवाजीचे शरीर वळले, पण हात उचलला गेला नाही. तिसऱ्या लाथेआधी नत्थूजी ट्रकवरून उतरला आणि त्याने मार्तंडाचा दंड मागून धरला. मार्तंडाने न पाहताच हात फिरवला. देवाजीच्या हातून पडलेला आकडा आता त्याच्या हातात होता. आकड्याचे टोक नत्थूजीच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी उकलत गेले. नत्थूजीने हात सोडला नाही. रक्त त्याच्या बोटांवरून मार्तंडाच्या बाहीवर उतरू लागले. बाकीचे चौघे पोती टाकून जवळ आले. एकाने खालचा दगड उचलला.

“बाजूले व्हा,” रुख्माबाई म्हणाल्या.

त्या कधी उठल्या ते कुणी पाहिले नव्हते. त्या देवाजीपाशी जाऊन लगद्यात गुडघ्यांवर बसल्या. डोक्यावरून पदर घसरला होता. त्यांनी जावयाच्या बंडीखाली हात घातला आणि पोटावर ठेवला. दगड उचललेल्या माणसाने नजर दुसरीकडे वळवली.

पोट टम्म होते. बोटांनी दाबले तसे आतून पाणी हलले. इतके ओकूनही हलले. रुख्माबाईंनी दुसऱ्या हाताने त्याचा जबडा उघडला. जीभ पांढरी पडली होती, कोरडी, मधोमध चीर गेलेली. त्यांनी जिभेवर बोट फिरवले. उन्हातल्या खापरावरून फिरवावे तसे ते लागले. कातडीवरचा घामही आटला होता.

पोटात तांबे आणि जीभ कोरडी. त्या तशाच बसून राहिल्या, एक हात पोटावर, एक तोंडात.

पाणी होते, पण अंगात गेले नव्हते. ही गोष्ट त्यांना कुणी शिकवायला नको होती. तांडापेठेच्या गल्लीत मागाच्या उभ्या सुताचा ताणा पसरून त्यांनी चाळीस वर्षे सुताला खळ पाजली होती. नवी सून आली की ताणा घट्ट ओढून धरी आणि वरून कुंचा मारत बसे. खळ सुतावरून ओघळून जमिनीवर पडे, सूत आतून कोरडेच. मग रुख्माबाई तिच्या हातावर चापट मारून ताणा सैल करत. ताणलेले सूत पीत नाही, किती ओता. सैल केले की आपोआप पिते. किती सुनांना त्यांनी हे सांगितले होते आणि इथे दोन वर्षे पळत्या माणसांच्या नरड्यात तांबे ओतत बसल्या होत्या.

“बाबनचंही असंच होतं, काकू,” नत्थूजी म्हणाला.

त्याने मार्तंडाचा दंड अजून सोडला नव्हता.

“काय असंच होतं?”

“पोट. तो पेला होता पाणी. दोन तांबे पेला, नळावर, माह्यासमोर. चौकातल्या टोळीशी पैज लागली होती त्या दिवशी, एका तासात ट्रक खाली कराचा. पाणी पिऊन तो पोतं घेऊन पयाला तसाच. मंग ओकला. मंग पडला.” नत्थूजीने दंड सोडून फाटलेला हात पोटाशी धरला. “पाण्यावाचून नाही गेला तो. पयून गेला.”

“नत्थू, तोंड बंद कर,” मार्तंड म्हणाला. आवाज मात्र आधीचा नव्हता.

रुख्माबाईंनी मान वर केली.

“तू मले सांगतलं, तो पाण्याले शिवला नाही.”

मार्तंडाने आकडा खाली टाकला.

“दोन वर्सं झाली. मी त्या मेलेल्या लेकराले शिव्या देऊन राहिली. हट्टी होता, पाणी पेला नाही, म्हणून गेला. अंजनाले तेच सांगतलं. त्याच्या फोटोले तेच सांगतलं.”

“मीही पयतच होतो, माय,” मार्तंड म्हणाला. “त्याच्या पुढं होतो मी. मले काय माहीत मांगं काय झालं ते.”

“अन् मंग माहीत झालं तेव्हा?”

रुख्माबाई उठल्या. गुडघ्यांना लगदा लागला होता, तो त्यांनी झटकला नाही. माठापाशी जाऊन त्यांनी पितळी तांब्या उचलला, आतले पाणी जमिनीवर ओतले आणि परत आल्या. मार्तंडाला वाटले, देवाजीसाठी. तो बाजूला सरकला. त्यांनी पूर्ण हात मागे नेऊन तांब्या त्याच्या कपाळावर मारला. भुवई फुटली. दुसरा वार कानावर बसला. तो खाली वाकला तेव्हा तिसरा मानेवर. सहा फुटांचा गडी, त्याने हात वर केला नाही. तांब्याला पोचा पडला आणि रुख्माबाईंच्या हाताला रग लागली, तेव्हा त्या थांबल्या.

“नत्थूजी, हात बांधा तो आधी,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी त्याइले सावलीत न्या. कुशीवर ठेवा. तोंडात कोणी थेंब टाकाचा नाही.”

“पाणी नाही द्याचं?”

“अंगावर ओता. दोन माठ आहेत ना. डोकं, काखा, पाय, सारं भिजवा. दुपट्ट्यानं वारा घाला. पोटात आहे ते आधी जिरू द्या.”

त्यांनी देवाजीला गोदामाच्या उत्तरेकडच्या भिंतीशी नेले. दोन वर्षे नरड्यात ओतायला ठेवलेले पाणी त्याच्या अंगावर ओतले गेले. रुख्माबाई त्याच्या पायाशी बसल्या आणि पोटावर हात ठेवून राहिल्या. रस्त्यावर मागच्या ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मार्तंड फुटलेल्या भुवईवर दुपट्टा दाबून चाकाला टेकून बसला होता. एकदा तो उठून ट्रककडे निघाला, तेव्हा आईने मान न वळवता विचारले,

“कोठी निघाला?”

“गाडी खोळंबून राहिली.”

“राहू दे.”

तो परत बसला.

बराच वेळ काही झाले नाही. देवाजीचा श्वास तुटत येत होता. एकदा तो अंजनाचे नाव घेऊन काहीतरी पुटपुटला. अंजनाला सातवा महिना होता आणि ती इथून चार घरांवरच्या खोलीत डबा भरत असणार. एकाने विचारले, बोलावू का तिला. रुख्माबाईंनी मान हलवली. बोलावून काय दाखवायचे होते.

मग हाताखाली आधी गुडगुडले. पोट हळूहळू, दुपार सरकते तसे, खाली बसू लागले. त्यांनी दाबून पाहिले. पुन्हा दाबून पाहिले. तासाभराने देवाजीच्या कपाळावर घाम फुटला. रुख्माबाईंनी तो बोटाने पुसला, बोट जिभेला लावले आणि नत्थूजीकडे पाहिले.

“खारट आहे.”

नत्थूजीने डोळे मिटले.

त्यानंतर त्यांनी मिठाची चिमूट घातलेले पाणी मागवले आणि देवाजीला भिंतीशी टेकवून बसवले. तांब्याने नाही, चुळकाभर, ओंजळीच्या कडेने. एक घोट, मग थांबायचे. पोटावर हात. मग दुसरा. ओठ फाटला होता तिथे मीठ झोंबून तो कण्हला. त्या थांबल्या नाहीत, घाईही केली नाही. उन्हे उतरायला लागली तेव्हा तो दोघांच्या आधाराने उठला आणि भिंतीआड लघवीला गेला. तो परत येईपर्यंत रुख्माबाई कान देऊन उभ्या होत्या. आत गेलेले बाहेर आले, हे ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी पाणी घेतले.

ट्रक अर्धा भरलेलाच होता. ड्रायव्हर येऊन आरडाओरडा करून गेला होता, दुसऱ्यांदा आला तेव्हा मार्तंडाचे कपाळ आणि नत्थूजीचा हात पाहून तसाच मागे फिरला. आता मार्तंड उठला.

“माय, गाडी तर खाली करा लागन.”

“कर ना. कोण नाही म्हणते.”

त्या फळीपाशी गेल्या आणि तिच्या तोंडाशी, बरोबर मध्ये, मांडी घालून बसल्या. दोन्ही बाजूंनी पाऊलभर जागा राहिली. पोते घेऊन जाणाऱ्याला त्यांना वळसा घालून, पाय जपून, कडेकडेनेच जावे लागणार होते. पळणाऱ्याला जमणारे नव्हते.

“इथून उठ, माय. लागन तुले.”

“हळू गेलं तर नाही लागत. पह्यलं पोतं तूच घे.”

मार्तंडाने पोते खांद्यावर घेतले आणि आईला वळसा घालून, एकेक पाऊल मोजल्यासारखे टाकत, आत गेला. त्याच्यामागे दुसरा गेला. चौघेही तसेच गेले. त्या दिवशी तो ट्रक रिकामा व्हायला अंधार पडायची वेळ आली. वाडीतल्या दुसऱ्या टोळीचे लोक घरी जाताना थांबून बघत होते. एकाने मोठ्याने विचारले, मार्तंडाची टोळी आज वरातीत चालून राहिली का.

शेवटचे पोते गेल्यावर रुख्माबाई उठल्या. पाय आखडले होते. लंगडत त्या भिंतीपाशी आल्या. देवाजी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ओठ सुजून एका बाजूला लोंबत होता, गालावर सिमेंटने कातडी भाजली होती. सासू येताना दिसली तशी त्याने सवयीने मान खाली घातली आणि त्या पाठ फिरवतील म्हणून वाट पाहिली. नत्थूजी जवळच होता. काही सांगायचे असेल तर आपल्याला सांगतील म्हणून तो पुढे झाला.

रुख्माबाईंनी त्याला हाताने बाजूला केले. खांद्यावर पडलेला पदर तिथेच राहू दिला आणि देवाजीच्या तोंडाकडे सरळ पाहिले.

“जवाईबुवा,” त्या म्हणाल्या. सगळे ऐकत होते, आणि ऐकावे एवढ्याच आवाजात त्या बोलत होत्या. “पाणी सांडलं ते बरोबर केलं. चूक एकच केली तुम्ही. लपून सांडलं. माह्या तोंडावर फेकाले पायजे होतं.”